खिळ्यावाचून उभे राहिलेले मेज

नेरूळच्या एका व्यापारी कुटुंबात दोन वर्षांपूर्वी एक लहानसा अपघात झाला. दिवाणखान्यातील बैठे मेज भुशाच्या दाबीव फळीचे होते आणि त्याला तिसरा पावसाळा लागला होता. पाहुण्यांपुढे चहाचा ट्रे ठेवताच त्याचा एक पाय निखळला. कोणाला इजा झाली नाही. पण पायाचे स्क्रू ज्या फळीत बसवले होते, ती फळी ओल्या बिस्किटासारखी फुगून भुसभुशीत झालेली सर्वांनी पाहिली. असे मेज दुरुस्त होत नाही, ते भंगारातच जाते.

वडिलांनी नवे मेज मागवण्याची तयारी केली. वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या नातवाने मात्र निराळाच प्रस्ताव मांडला. ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ शैलीचे ओक लाकडाचे मेज तो स्वतःच्या हाताने बनवणार होता. वडील हसले. आजोबा हसले नाहीत. मशीद बंदरच्या पेढीवर उमेदीची वर्षे घालवून, बाजार खाडीपलीकडे आला तेव्हा तेही घरासह नेरूळला आले होते. मुलगा माल मागवण्यापूर्वी त्याची माहिती काढतो आहे की नाही, एवढेच त्यांना पाहायचे होते.

नातवाने माहिती काढली होती. या शैलीचा उगम इंग्लंडमधला. यंत्रांच्या कारखान्यांतून भराभर बाहेर पडणाऱ्या, नक्षीने मढवलेल्या पण आतून पोकळ अशा वस्तूंना विल्यम मॉरिस (१८३४–१८९६) आणि त्यांचे सहकारी विटले होते. १८६१ मध्ये मॉरिस यांनी लंडनमध्ये स्वतःची पेढी काढली. पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या प्रदर्शन संस्थेमुळे या चळवळीला ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ हे नाव मिळाले. तिचा आग्रह साधा होता : वस्तू ज्या द्रव्याची आहे, त्या द्रव्याचीच दिसावी, सांधा लपवू नये, आणि करणाऱ्याच्या हाताला मान असावा. अमेरिकेत गुस्ताव स्टिकली (१८५८–१९४२) यांनी हाच विचार ओकच्या फर्निचरमध्ये उतरवला. जाड चौकोनी पाय, सरळ पट्ट्या आणि पायांतून आरपार बाहेर आलेले सांधे ही त्यांच्या कामाची ओळख. १९०१ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या ‘द क्राफ्ट्समन’ मासिकाचा पहिलाच अंक मॉरिस यांच्यावर होता. घरच्या घरी करता येतील अशा वस्तूंचे आराखडेही ते मासिक छापत असे.

‘पण ही सारी परदेशी वार्ता,’ असे वडील म्हणाले, तेव्हा आजोबांनी अहमदाबादचे नाव काढले. दिल्ली दरवाजाबाहेरचे हठीसिंगांचे देरासर कोणाला ठाऊक नाही? शेठ हठीसिंग केसरीसिंग यांनी आरंभलेले आणि त्यांच्या पश्चात हरकुंवर शेठाणींनी १८४८ मध्ये पूर्णत्वास नेलेले ते मंदिर. त्याच घराण्यातील मगनभाई हठीसिंग यांच्या भागीदारीत लॉकवुड डी फॉरेस्ट या अमेरिकन कलावंताने १८८१ मध्ये अहमदाबादेत लाकूड-कोरीवकामाची कंपनी काढली. हवेल्यांचे खांब आणि मशिदींच्या जाळ्या घडवणाऱ्या मिस्त्रींच्या परंपरेतील हात अमेरिकेतील घरांसाठी काम करू लागले. न्यूयॉर्कमधील दहाव्या रस्त्यावर डी फॉरेस्टने १८८७ मध्ये बांधलेल्या घराचा सागवानी कोरीव सज्जा आजही जागेवर आहे. अँड्र्यू कार्नेगी या पोलादसम्राटाच्या वाड्यातील ग्रंथालयाची खोलीही त्यानेच सागवानाने सजवली. पाटणच्या जैन मंदिरातील सोळाव्या शतकाच्या अखेरचा घुमटाकार सागवानी मंडप याच डी फॉरेस्ट बंधूंनी १९१६ मध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला आणि तो तेथे पाहावयास मिळतो. हठीसिंगांच्या कंपनीचे काम नक्षीने भरलेले, तर स्टिकलींचे अगदी निराभरण. तरीही दोहोंच्या मुळाशी एकच गोष्ट होती : कारागिराच्या हाताची कदर.

आजोबांनी संमती दिली. अट एकच घातली. काम ओळखीच्या जुन्या मिस्त्रींच्या देखरेखीखाली व्हावे.

प्रश्न आला लाकडाचा. ओक महाराष्ट्रात होत नाही. हिमालयात बांज नावाचा ओक आहे. पण तो त्या डोंगरांतील पाण्याचा आणि चाऱ्याचा आधार मानला जातो, फर्निचरच्या बाजारातला माल नव्हे. आपल्याकडचा फर्निचरचा ओक अमेरिका-युरोपातून जहाजाने येतो. मिस्त्रींचे मत सागवानाकडे झुकलेले होते. त्यांचे कारण परंपरेचे नसून हवेचे होते, आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

लाकूड कापल्यानंतरही हवेतील ओल घेत-सोडत राहते. ओल घेतली की फळी रुंदीत फुगते, सोडली की आकसते. लांबीत मात्र जवळजवळ काहीच बदल होत नाही. नेरूळ खाडीकाठी आहे. आषाढ-श्रावणातील ओथंबलेली हवा आणि पौषातील कोरडी हवा यांमुळे लाकडातील ओलीत चार टक्क्यांचा फरक पडला असे धरू. ५०० मिलिमीटर रुंदीचा, साध्या चिरणीच्या पांढऱ्या ओकचा पृष्ठभाग तेवढ्याने सुमारे ७ मिलिमीटर सरकतो. तोच ओक ओंडक्याचे चार भाग करून, वलये फळीच्या पृष्ठाला काटकोनात येतील असा चिरला, तर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. साध्या चिरणीचे सागवानही जवळपास तितकेच हलते. चौभागी चिरणीचा ओक महाग पडतो, कारण त्यात लाकूड वाया जाते. पण त्याच्या अंगावर जे चकाकते आडवे पट्टे उमटतात, तेच स्टिकलींच्या फर्निचरचे सौंदर्य. नातवाने चौभागी ओकच धरला. घट धरून सुमारे दीड घनफूट माल लागला.

मेजाची बांधणी वर्णनास सोपी, हातास कठीण. पट्टीचे टोक दोन्ही बाजूंनी तासून कुसू काढायचे. पायात पटाशीने तेवढ्याच मापाची खाच पाडायची. आणि कुसू खाचेत असे बसवायचे की हाताच्या जोराने आत जावे, पण सैल राहू नये. पट्टीच्या जाडीचा साधारण एक तृतीयांश भाग कुसवाला द्यावा, हा सुतारकामातील जुना दंडक. नातवाची पहिली तीन कुसवे बारीक झाली. मिस्त्रींनी ती फेकली नाहीत; त्याच्यासमोर ओळीने ठेवली. ‘शेठजी, चूक डोळ्यांसमोर असली की हात शिकतो,’ एवढेच ते आजोबांना म्हणाले. चौथे कुसू बसले.

मग प्रश्न आला चिकटवण्याचा. पूर्वी सुतार सरस वापरीत. सरस म्हणजे जनावरांची कातडी व हाडे उकळून केलेला गोंद. तो घरात शिजवण्यास कितीतरी घरे नाखूश असत. १९५९ मध्ये बाजारात आलेल्या फेविकॉलने ती अडचण दूर केली. त्याचे जनक बळवंतराय पारेख हे उमेदवारीच्या काळात एका लाकूड-व्यापाऱ्याच्या कचेरीत शिपाई होते. सुतारांची सरसापायी होणारी ओढाताण त्यांच्या पाहण्यातली होती. गिऱ्हाइकाची अडचण हेच व्यापाराचे बीज, हे सांगायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

झिलईबाबतही असेच झाले. मिस्त्रींनी सवयीने चपड्याचे पॉलिश सुचवले. चपडा म्हणजे लाख, आणि लाख किड्यांपासून येते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याची गणना आहे, याची आठवण घरातील आजींनी करून दिली. स्टिकलींची रीत तर घरात अशक्यच होती : ओकमधील टॅनिनवर अमोनियाची वाफ सोडून लाकूड आतपर्यंत तपकिरी करण्याची. ती वाफ डोळ्यांना व फुप्फुसांना घातक, आणि सदनिकेत तिला स्थान नाही. अखेर उकळलेले जवसाचे तेल ठरले. पातळ हात, मध्ये पुरता वाळण्याचा अवधी, असे तीन वेळा. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नयेत, ती उलगडून मोकळ्या हवेत वाळवावीत, हे मिस्त्रींनी बजावले. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि गोळा करून ठेवलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते.

फेब्रुवारीत मेज उभे राहिले. कौतुक झाले, वडिलांनीही हात फिरवून पाहिला. मात्र शेवटच्या दिवशी मिस्त्री आले नव्हते. नातवाने घाईने वरचा पृष्ठभाग खालच्या चौकटीला आठ स्क्रूंनी घट्ट आवळून टाकला होता.

श्रावणात त्या घाईची वसुली झाली. पृष्ठभाग फुगू लागला. स्क्रूंनी त्याला बाजूला सरकू दिले नाही. म्हणून तो मध्ये उचलला गेला. पेला डुगडुगू लागला. एका पायाजवळचा सांधा केसभर उघडला. वडिलांनी फार काही म्हटले नाही. ‘विकतचे घेतले असते तर’ एवढेच वाक्य अर्धवट सोडले. नातवाने मेजावर चादर टाकली आणि दोन दिवस त्या खोलीत बसणे टाळले.

आजोबांनी चादर काढली आणि वही उघडली. त्यांनी मांडलेला हिशेब असा : समजा, दाबीव फळीचे मेज ६,००० रुपयांचे व चार वर्षे टिकणारे. वार्षिक घसारा १,५०० आणि गुंतलेल्या रकमेवर सात टक्क्यांनी व्याज ४२०, एकूण १,९२०. दुकानातील भरीव ओकचे मेज ३०,००० रुपयांचे, चाळीस वर्षे चालणारे. घसारा ७५०, व्याज २,१००, एकूण २,८५०. म्हणजे केवळ टिकाऊ आहे म्हणून महाग वस्तू स्वस्त पडते, हा समज व्याज धरल्यावर टिकत नाही. आता घरी केलेले मेज, सामानाचा खर्च व मिस्त्रींचा मेहनताना मिळून १४,०००. घसारा ३५०, व्याज ९८०, एकूण १,३३०. ‘फरक कशाने पडला?’ आजोबांनी विचारले. नातू म्हणाला, ‘माझी मजुरी धरली नाही म्हणून.’ ‘आणि दुसरे?’ नातू गप्प राहिला. आजोबांनीच उत्तर दिले : ‘चाळीस वर्षे टिकेल हे आपण गृहीत धरले. पहिल्याच वर्षी हे मेज टाकले, तर चौदा हजार बुडीत खाती.’

या हिशेबात त्या साऱ्या चळवळीचीही अडचण आहे. हाताने केलेल्या वस्तूची खरी मजुरी धरली की ती सामान्य घराला परवडत नाही. आपला माल श्रीमंतांकडेच जातो, ही खंत खुद्द मॉरिस यांना होती. स्टिकली उत्तम कारागीर होते. पण न्यूयॉर्कमध्ये बारा मजल्यांची इमारत घेऊन त्यांनी विस्तार केला, लोकांची आवड बदलू लागली, आणि १९१५ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. मासिक दुसऱ्या वर्षी बंद पडले. त्यांच्याच घरातील एक कपाट १९८८ मध्ये लिलावात ३,६३,००० डॉलरला गेले, ते पाहण्यास ते हयात नव्हते. माल चोख असणे आणि पेढी चोख असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे व्यापारी घरात निराळे सांगायला नको.

मिस्त्रींना बोलावणे गेले. त्यांनी मेज उलटे केले आणि आठही स्क्रू काढले. पृष्ठभाग सुटताच तो मोकळा झाला; काही दिवसांत बराचसा सपाटही झाला. मग त्यांनी नातवाकडून लाकडाचे आठ लहान गुटके करून घेतले. गुटक्याची जीभ चौकटीच्या आतल्या खाचेत सरकती राहते आणि त्याचा स्क्रू फक्त पृष्ठभागात जातो. त्यामुळे वरची फळी धरलेलीही राहते आणि ऋतूप्रमाणे सरकूही शकते. उघडलेला सांधा पुन्हा चिकटवून रात्रभर शिकंज्यात आवळला. मिस्त्रींनी त्या कामाची मजुरी घेतली, आणि आजोबांनी ती मेजाच्या खात्यावर लिहून खर्च १४,६०० केला.

भुशाच्या फळीचे मेज असे उघडून पुन्हा उभे करता आले नसते. ज्या वस्तूचा सांधा दिसतो, तिची चूक सापडते. आणि चूक सापडली तर सुधारता येते. दुकानाच्या वहीलाही हेच लागू आहे. घरातील माणसांबाबतही यात थोडे तथ्य असावे : फार आवळून धरले की मध्येच उचलले जाते, आणि मोकळे सोडले की निखळते. मिस्त्रींनी मात्र असे काही सांगितले नाही. ते म्हणाले, ‘पौषात पुन्हा बघा. तेव्हा आकसेल.’

पौषात नातवाने पट्टी लावून पाहिले. गुटके खाचेत तीन मिलिमीटर सरकले होते, सांधे जागेवर होते. आजोबांच्या वहीत मेजाच्या खात्याखाली त्याने स्वतःच्या हाताने तारीख व माप लिहिले. पाठोपाठच्या ओळीत वडिलांचे अक्षर आहे : त्यांनी पेढीवरच्या कचेरीसाठी तसेच, पण सागवानाचे, एक मेज करण्यास सांगितले आहे, आणि या वेळी नातवाची मजुरी धरली आहे.