हाताला घाऊक भाव नसतो

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या बैठकीत एका गृहस्थांनी सगळ्यांना सल्ला दिला. पावसाळा सरला होता, घरोघरी दुरुस्त्या निघाल्या होत्या. ते म्हणाले, "सुतार असो, प्लंबर असो, एका कामाला बोलवायचंच नाही. चार-पाच कामं साठवायची, एकदम द्यायची आणि पंधरा टक्के कमी करून घ्यायचे. जो मागत नाही तो बावळट." माना डोलल्या. मी बोलायला उठले, पण पार्किंगचा विषय खोळंबला होता. मला दोन मिनिटं मिळाली. दोन मिनिटांत न मावलेला संताप इथं मांडते.

त्यांचं म्हणणं असं : दुकानात डझनावर घेतलं की भाव उतरतो, मग कारागिरानं का उतरवू नये? त्याची फेरी वाचते. हे लोक मुळातच भाव चढवून सांगतात. आणि सूट परवडत नसती, तर त्यांनी दिलीच नसती.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो मला सर्वांत जास्त बोचला. ज्याला नाही म्हणणं परवडत नाही, त्याचा होकार हा सूट परवडल्याचा पुरावा कसा होतो? भाव चढा वाटत असेल तर आणखी दोघांना विचारावं आणि महाग वाटेल त्याला बोलावू नये. फेरीचं म्हणणं मात्र रास्त आहे. त्याकडे पुढे येते.

खरी गोम त्या डझनात आहे. घाऊक भाव उतरतो तो का? कारखान्यात साचा एकदा बसला की हजारावा नळ पहिल्यापेक्षा स्वस्त पडतो. टेम्पो भरून गेला की नगामागं भाडं कमी बसतं. दुकानदाराचा माल पडून राहत नाही, अडकलेला पैसा सुटतो. सूट येते ती या वाचलेल्या खर्चातून. सुताराचं यातलं काय वाचतं?

गेल्या वर्षी ऑगस्टात आमची पाच दारं एकदमच अडायला लागली. ठाण्यातली पस्तीस वर्षांची इमारत, भिंती ओल धरतात. मिस्त्री आले. न्हाणीघराचं दार खालून भिजून फुगलं होतं. त्यांनी बिजागऱ्या सोडवल्या, दार दोन स्टुलांवर आडवं टाकलं, हातोडीच्या टिचक्या मारत रंध्याचं पातं बसवलं आणि खालच्या कडेवर दोन हात मारले. दार उचलून चौकटीला लावून पाहिलं. परत उतरवलं. असं तीनदा. मी म्हटलं, "मिस्त्री, एकदाच जरा जास्त काढा ना." ते म्हणाले, "आत्ता जास्त घेतलं ताई, तर उन्हाळ्यात लाकूड आकसेल आणि फट पडेल." ऑगस्टातल्या दारात त्यांना एप्रिलचं दार दिसत होतं.

दुसऱ्या दाराचं लाकूड ठीक होतं. बिजागरीची भोकं मोठी होऊन ते ओघळलं होतं. तिथं गोंदात बुडवलेल्या सागाच्या खुंट्या ठोकून, त्या वाळू देऊन, नवे स्क्रू पिळले. तिसऱ्याला तर दाराचा दोषच नव्हता. मिस्त्रींनी ओळंबा सोडला, दोरी वर चौकटीला टेकत होती आणि खाली बोटभर लांब लोंबत होती. चौकटच कलली होती. पाच दारं म्हणजे पाच दुखणी, आणि प्रत्येकाचं निदान वेगळं. पाचव्या दाराला पहिल्यापेक्षा एक मिनिटही कमी लागलं नाही. उलट दुसऱ्या दिवशीचे साडेसहा वाजले होते, माणूस दमला होता आणि पटाशीला पुन्हा धार लावायला खाली बसला होता. हाताचं असं असतं. काम वाढलं की साचा स्वस्त होतो, हात थकतो.

कायद्यालाही हे कळलेलं आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यानं दिवसाला नऊ किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वर काम झालं तर त्या तासांना दुप्पट मजुरी ठरवली. त्याच माणसाकडून जास्त काम, तर वरच्या कामाला दर जास्त. आमचे गृहस्थ याच्या नेमकं उलट सांगतात आणि त्याला व्यवहार म्हणतात. बरं, प्लंबरचं घ्या. सीपीव्हीसीच्या पाइपांचे दहा सांधे एकदम दिले म्हणून सॉल्व्हंट लवकर धरत नाही. प्रत्येक सांधा पुसायचा, लावायचा, दाबून धरायचा आणि मग पाणी सोडायला थांबायचं.

शिवाय आमच्या पाच दारांपायी मिस्त्री दोन दिवस अडकले. तेवढ्यात त्यांचा फोन तीनदा वाजला. "परवा येतो," असं ते तिघांनाही म्हणाले. अडलेलं दार घेऊन परवापर्यंत कोण थांबतं?

हा वाद माझा जुना आहे. माहेरी एक नातेवाईक बलुतेदारीचं फार कौतुक करायचे. गावगाड्यात सुतार थोरल्या कासेतला. वर्षभर नांगर, पाभर, गाडीची चाकं, काय मोडेल ते नीट करायचं आणि सुगीला खळ्यावरून आपलं बलुतं न्यायचं. कसा गोडीगुलाबीचा व्यवहार, असं ते म्हणत. मी तेव्हाही विचारायचे, की शेतकऱ्याच्या पायल्या मोजल्या जायच्या, सुताराच्या खेपा कुणी मोजल्या? जात आणि जन्म यांनी बांधलेला तो व्यवहार परत यावा असं मला मुळीच वाटत नाही. पण त्यात निदान वर्षाच्या धान्याचा भरवसा होता. आज "सगळी कामं तुम्हालाच देतो हो" म्हणणारे आपण बलुत्यातलं अमर्याद काम तेवढं उचलतो आणि भरवसा सोडून देतो. पुढच्या वर्षी शंभर रुपये कमी घेणारा दुसरा भेटला, की या मिस्त्रींना आपण ओळखही दाखवत नाही.

आणि दाबून घेतलेली सूट कुठून तरी निघतेच. बिजागरीला भोकं आठ असली तरी स्क्रू पाचच बसतात. खुंटीऐवजी काड्यापेटीच्या काड्या कोंबल्या जातात. मी हे दुसऱ्या एका कामात पाहिलंय. तिथं मीच घासाघीस केली होती, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

मग करावं काय? फेरी वाचते, हे खरं. म्हणून येण्याचे वेगळे पैसे ठरले असतील तर ते पाच कामांना एकदाच द्यावेत. एवढं मोकळेपणानं बोलावं, कुणी वाईट वाटून घेत नाही. सूट मागायचीच असेल तर हार्डवेअरच्या दुकानात मागावी. स्क्रू, कड्या, पाइप हा माल आहे, त्याला घाऊक भाव असतो. आणि मिस्त्रींचा वेळ खरोखर वाचावा असं वाटत असेल तर आपणही हात हलवावेत. दारामागची कपाटं आदल्या रात्री सरकवून ठेवावीत. कामांची यादी एकदाच नीट लिहून द्यावी, "आलाच आहात तर हेही बघा" असं संध्याकाळी पाच वाजता सुरू करू नये. पैसे त्याच दिवशी द्यावेत. एवढं करून त्यांनी आपणहून काही कमी घेतलं, तर ते त्यांचं देणं आहे. आभार मानून घ्यावं.

पुढच्या बैठकीत मी एक वही ठेवणार आहे. ज्यांची दारं अडतात त्यांनी फ्लॅटचा नंबर आणि तक्रार लिहावी, मिस्त्री सलग दिवस लावून येतील, म्हणजे त्यांच्या खेपा वाचतील आणि आपली वाट बघणं वाचेल. मी त्यांच्याशी बोलले आहे. भाव दाराला सहाशे रुपये. एक दार असलं तरी सहाशे, आणि पाच असली तरी प्रत्येकी सहाशेच.