धबधबा मे महिन्यात बघा!

जुलै लागला की आमच्या ग्रुपमध्ये एकच प्रश्न, ‘या शनिवारी कुठे?’ उत्तर ठरलेलं... धबधबा! पहाटे पाचला निघायचं, घाटात ट्रॅफिकमध्ये अडकायचं, भिजायचं, कांदाभजी हाणायची आणि सोमवारी शिंकत ऑफिस गाठायचं. मीसुद्धा हेच करायचे.

गेल्या वर्षी मात्र एकाच धबधब्याला चार वेळा गेले. महाबळेश्वरजवळचा लिंगमळा. इथे वेण्णा नदी कड्यावरून थेट दरीत उडी घेते. त्याच्या वरच्या बाजूला एक छोटा धबधबा आहे. जुलैत मी तिथे एका सपाट कातळावर उभी राहून फोटो काढले. पाणी जेमतेम घोट्यापर्यंत. काठावरून एक काका ‘मागे व्हा’ म्हणून ओरडत होते. आम्ही हसलो.

ऑक्टोबरात गर्दी नाही, धुकं नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ. जानेवारीत स्ट्रॉबेरी खायला गेलो, तेव्हाही बारीक धार सुरूच! पाऊस संपून महिने झाले, मग हे पाणी कुठून? तर वरच्या पठारावरचा जांभा दगड सच्छिद्र असतो. तो पावसाळ्यात पाणी पिऊन घेतो आणि नंतर झऱ्यांतून हळूहळू सोडतो.

मे महिन्यात साताऱ्याला लग्न होतं, तिथून सटकले. नदी जवळजवळ कोरडी. माझा ‘फोटोवाला’ कातळ लगेच ओळखला. आणि त्याच्यापासून दोन पावलांवर... रांजणखळगा! प्रवाहात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी कोरलेला, मी आख्खी मावेन एवढा खोल. जुलैत त्याच्यावर नुसता पांढरा फेस होता. मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, ‘अगं, मी तर तुझ्याही पुढे उभी होते!’ मग दोघीही गप्प.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात, भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. वर डोंगरात पाऊस वाढला की खाली पाणी काही मिनिटांत चढतं. आपण उभे असतो तिथे तेव्हा ऊनही असू शकतं.

पावसाळी पिकनिक बंद करा, असं मी म्हणणार नाही. यंदाही जुलैत जाणारच आहे. फक्त काठावरून बघणार. आणि ते काका दिसले, तर एक प्लेट भजी त्यांना माझ्याकडून!