मॅरेथॉन : सोहळा आणि स्पर्धा

पुण्यात १९८३ पासून व मुंबईत २००४ पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली. सहस्रावधी नागरिक धावतात, धर्मादाय संस्थांना निधी मिळतो. याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ४२.१९५ किलोमीटरचे अंतर जिंकण्यासाठी धावणाऱ्या भारतीय स्पर्धकाच्या मनात या सोहळ्याविषयी कृतज्ञता आणि खंत एकत्र नांदतात. दोन्हींना सबळ कारणे आहेत.

मुंबईत बहुधा पूर्व आफ्रिकी धावपटू आघाडीवर असतात; भारतीयांसाठी पारितोषिके स्वतंत्र असतात. सामान्य परिस्थितीतून आलेल्या धावपटूला त्या रकमेचा मोठा आधार असतो. मात्र अर्थशास्त्राच्या भाषेत ही संरक्षित बाजारपेठ होय. संरक्षणाने उद्योग जगतो. पण चुरस केवळ आपसांतच उरली की गुणवत्तावाढीची निकड ओसरते. क्रमांक पदरी पडला की घड्याळाकडे कोण पाहतो? शिवनाथ सिंग यांनी १९७८ मध्ये जालंधरला नोंदविलेला २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला. यास अन्य कारणेही आहेत. तथापि हे कारण दुर्लक्षिण्याजोगे नाही. साताऱ्याच्या ललिता बाबर मुंबईत भारतीय महिलांमध्ये सलग तीनदा विजयी ठरल्या. पण २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली ती स्टीपलचेस शर्यतीत.

स्वतंत्र पारितोषिके रद्द करणे अन्यायाचे ठरेल. त्यांचा मोठा हिस्सा क्रमांकाऐवजी वेळेशी निगडित करावा, आणि प्रायोजकांच्या पैशाचा काही अंश जिल्ह्यांतील प्रशिक्षणाकडे वळवावा. संरक्षणाला मुदत आणि उद्दिष्ट नसेल, तर त्याचे रूपांतर कायमच्या अनुदानात होते.