बिल विका म्हणे! पण त्या बिलावर कबुलीचं बटण दाबणार कोण?

राजेहो, पोस्ट लांब आहे. ज्यांचं एकही बिल कुठे अडकलेलं नाही त्यांनी सोडून दिली तरी चालेल. म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीतल्या छोट्या धंदेवाल्यांपैकी बहुतेक कोणालाच सोडता येणार नाही.

परवा एका कार्यशाळेत बसलो होतो. नागपूरहून साहेब आले होते. पडद्यावर चित्रं, हातात फाईल, नंतर चहा-समोसा. साहेब म्हणाले, "तुमचं बिल मोठ्या कंपनीकडे अडकलं आहे ना? मग वाट कशाला पाहता, विकून टाका. एक-दोन दिवसांत पैसा खात्यात." मागच्या रांगेत फ्लाय अॅशच्या विटा करणारे एक काका होते. त्यांनी विचारलं, "साहेब, कंपनीनं बिल कबूलच नाही केलं तर?" साहेब हसले, पाणी प्याले, आणि पुढच्या स्लाईडवर गेले.

मी आज त्या काकांच्या प्रश्नावर लिहितो आहे.

आधी हे बिल विकणं काय आहे ते सांगतो, कारण ते फसवं नाही. चांगलं आहे. रिझर्व्ह बँकेने 2014 च्या डिसेंबरमध्ये नियम केले आणि 2017 पासून 'ट्रेड्स' नावाचे ऑनलाईन बाजार सुरू झाले. आरएक्सआयएल, एमवनएक्स्चेंज, इन्व्हॉइसमार्ट ही त्यातली जुनी नावं. तुम्ही माल दिला, बिल चढवलं, कंपनीने 'हो, हे देणं माझ्याकडे आहे' असं तिथे कबूल केलं, की बँका त्या बिलावर बोली लावतात. ज्याचा व्याजदर कमी त्याला बिल द्यायचं. व्याज कापून पैसे तुमच्या खात्यात. मुदत संपली की कंपनी थेट बँकेला देते. कंपनीने बुडवलं तर बँक तुमच्या मागे लागत नाही, तो धोका बँकेचा. ना घर गहाण, ना जामीनदार. बँक पत बघते ती कंपनीची, तुमची नाही.

हिशेब करून पाहा. 10 लाखांचं काम, वर 18 टक्के जीएसटी, बिल झालं 11 लाख 80 हजारांचं. 90 दिवसांसाठी 9 टक्के वार्षिक दराने विकलं तर खर्च साधारण 26 हजार. तेच तीन महिने खासगीत तीन टक्के महिन्याने उचलले तर 1 लाख 6 हजार. म्हणजे तिथे वर्षाला जे व्याज लागतं ते इथे तीन महिन्यांत जातं. आपल्याकडे किती लोक खासगीतून उचलतात हे मला विचारू नका, प्रत्येकाने आपापल्या भिशीत आजूबाजूला बघावं.

आता माझीच गोष्ट. माझं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे. एका मोठ्या कंपनीला चुट आणि लायनर प्लेटा करून दिल्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, उद्या काम मागायला तिथेच जायचं आहे. गेटवर माल उतरला, चालानवर शिक्का मिळाला, प्लेटा आठवड्याभरात बसवून वापरातही आल्या. पण स्टोअरमध्ये माल जमेची नोंद होईना. स्टोअरवाले म्हणत, इन्स्पेक्शन बाकी आहे. इन्स्पेक्शनवाले म्हणत, डिपार्टमेंटची सही नाही. डिपार्टमेंटवाले म्हणत, फाईल अकाउंटला गेली. अकाउंटवाले म्हणत, आमच्याकडे आलीच नाही. सात महिने! दरम्यान 1 लाख 80 हजारांचा जीएसटी मी पुढच्याच महिन्याच्या 20 तारखेला खिशातून भरला होता. सरकारला कर मिळाला, कंपनीला प्लेटा मिळाल्या, वेल्डरला पगार मिळाला. घरचं सोनं बँकेत गेलं.

तेव्हा मी ट्रेड्सवर होतो का? होतो जी. उद्यम काढलेलं, नोंदणी केलेली. कंपनीही नोंदलेली. पण बिल कबूलच झालं नाही तर विकणार काय? कबुलीशिवाय ते बिल नुसता कागद आहे.

खरी मेख इथे आहे. केंद्राने 2018 मध्ये 500 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आणि केंद्राच्या सगळ्या सार्वजनिक कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची केली. नोव्हेंबर 2024 मध्ये मर्यादा 250 कोटींवर आणली आणि 31 मार्च 2025 ची मुदत दिली. आपल्या जिल्ह्यात बघा कोण कोण यात येतं: वेकोलि, महानिर्मिती, घुग्गुस-गडचांदूर-आवारपूरच्या मोठ्या सिमेंट कंपन्या, पोलाद आणि लोहखनिजवाले. म्हणजे आपले जवळपास सगळे मोठे गिऱ्हाईक. पण सक्ती झाली ती नोंदणीची. बिल इतक्या दिवसांत कबूल कराच, अशी सक्ती नाही. लग्नाच्या पंगतीत पाट मांडला, वाढप्याला मात्र कोणी बोलावलंच नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ट्रेड्सचा प्रचार पुरे झाला. छोट्यांना 'जागृती'ची गरज आहे असं म्हणत कार्यशाळा घेणं बंद करा. जागृती आम्हाला भरपूर आहे, आम्ही रोज रात्री जागेच असतो. कार्यशाळा घ्यायची तर कंपन्यांच्या स्टोअर आणि अकाउंट सेक्शनची घ्या.

दुसरं म्हणजे, बिल विकण्याचा खर्च कोणी सोसायचा? उत्तर मिळतं, दोघांनी आपसांत ठरवायचं. आता हजारो कोटींची कंपनी आणि सहा कामगारांचं शेड 'आपसांत' काय ठरवणार? उशीर त्यांचा आणि व्याज माझं? 26 हजार कमी वाटतात, पण फॅब्रिकेशनमध्ये 10 लाखांच्या कामावर सुटतं तरी किती? 45 दिवसांच्या पुढचं व्याज खरेदीदारानेच भरावं, ही अट वर्क ऑर्डरमध्ये छापून आली पाहिजे.

45 दिवस का म्हणतो? तो कायदा आहे, माझी इच्छा नाही. सूक्ष्म-लघु उद्योगांचा 2006 चा कायदा. लेखी करार असेल तरी 45 दिवसांच्या पुढे जाता येत नाही, करार नसेल तर 15 दिवस. वर्क ऑर्डरवर 'पेमेंट 90 दिवसांनी' छापलं असेल तर ती ओळ कायद्यापुढे टिकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर साडेसोळा टक्के झाले. आणि आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट ही की, माल पोचल्यापासून 15 दिवसांत कंपनीने लेखी हरकत घेतली नाही तर माल पोचला तोच दिवस स्वीकारल्याचा दिवस धरला जातो. तुमची स्टोअरची नोंद होवो न होवो! म्हणून चालानवर तारखेचा शिक्का सोडू नका. मी एकदा सोडला होता, गेटवरचा पोरगा ओळखीचा होता म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, मग दावा लाव ना. लावता येतो. ऑनलाईन अर्ज, पुढे नागपूरला परिषदेसमोर. निकाल 90 दिवसांत द्यावा असं कायदा म्हणतो. निकाल विरोधात गेला आणि कंपनीला कोर्टात जायचं असेल तर 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. कागदावर इतका दणकट कायदा क्वचित असतो. पण भामरागड-सिरोंचाच्या माणसाने नागपूरच्या किती चकरा मारायच्या? आणि दावा लावला की पुढच्या टेंडरच्या यादीतून नाव जातं, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नसलं तरी सगळ्यांना पाठ आहे.

आयकराच्या 43बी कलमात नवी तरतूद आली तेव्हाही हेच झालं. 1 एप्रिल 2024 पासून लागू. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे वेळेत दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च वजा मिळत नाही. आम्ही खूश झालो. महिन्याभरात एका खरेदी अधिकाऱ्याचा फोन आला, "तुमचं ते उद्यम रद्द करता येते का हो? नाहीतर आम्हाला दुसरीकडून घ्यावं लागेल." काय बोलणार!

बरं, हे सगळं ज्यांच्याकडे कागद आहे त्यांचं. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम मिळतं, पण 45 दिवसांचं संरक्षण मिळत नाही. बांधकामाचं कंत्राट या कायद्यात बसतं की नाही यावर कोर्टातच वाद आहे. आणि जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम, नगरपालिका? त्या कंपन्या नाहीत, म्हणून ट्रेड्सची सक्ती त्यांना नाहीच. गडचिरोलीत तर मोठं गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक ठिकाणी सरकारच. रस्ता, मोरी, आश्रमशाळेचं छप्पर, नळयोजना. जुलै 2025 मध्ये सांगली जिल्ह्यात जलजीवनचं काम केलेल्या एका तरुण कंत्राटदाराने जीव दिला. जवळपास 1 कोटी 40 लाख थकले होते असं सांगितलं गेलं. सरकारकडून उत्तर आलं की त्याच्या नावावर कामच नव्हतं, तो उपकंत्राटदार असावा. ते उत्तर मी दोनदा वाचलं. आपल्या दोन जिल्ह्यांत निम्मी कामं अशीच होतात. टेंडर एकाच्या नावाचं, काम दुसऱ्याचं, सिमेंट तिसऱ्याचं उधारीवर. त्या तिसऱ्याने कोणतं बिल कोणाला विकायचं?

तेंदूचंही तसंच. पानं तोडणारी बाई पहाटे जंगलात जाते, मे महिन्याच्या उन्हात पुडे बांधते. ग्रामसभेचे पैसे ठेकेदाराने थकवले तर तिच्या हातात ना चालान ना उद्यम. तिथे ट्रेड्सचं नाव काढणं म्हणजे थट्टा.

काही जण म्हणतील, कंपन्या शेवटी देतातच, उगाच बोंब कशाला. देतात. बुडेपर्यंत देतात. आपल्या गावाचं नाव लावणारी बल्लारपूर इंडस्ट्रीज जानेवारी 2020 मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. इथली मिल तोवर दुसऱ्या कंपनीच्या नावावर होती, ते वेगळं. पण दिवाळखोरीत रांग कशी लागते ते तेव्हा अनेकांनी पहिल्यांदा वाचलं असेल. आधी तारणवाल्या बँका, माल पुरवणारे खूप मागे. बिल आधीच विकलेलं असतं तर त्या रांगेत तुमच्या जागी बँक उभी असते. मी ट्रेड्सच्या बाजूने आहे तो यासाठी. ते बटण मात्र कोणीतरी वेळेत दाबलं पाहिजे.

तर आता काम. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समिती असते, दोन्ही जिल्ह्यांत. पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विषयपत्रिकेवर घ्या, असं पत्र मी या आठवड्यात जिल्हा उद्योग केंद्रात देतो आहे. जिल्ह्यातल्या कोणत्या मोठ्या कंपन्या ट्रेड्सवर नोंदलेल्या आहेत? नोंदणीनंतर इथल्या छोट्या उद्योगांची किती बिलं त्यांनी तिथे कबूल केली? आणि 45 दिवसांवरच्या थकबाकीचा सहामाही अहवाल कंपन्यांना केंद्राकडे द्यावा लागतो, त्यात इथल्या पुरवठादारांचा आकडा किती?

पत्रावर सह्या हव्यात. ज्यांना नाव देण्याची भीती वाटते त्यांनी मला फक्त तीन गोष्टी मेसेज करा: माल दिल्याची तारीख, बिलाची रक्कम, पैसे आल्याची तारीख किंवा 'अजून नाही'. कंपनीचं नाव नको, तुमचंही नको. यादी मी पत्राला जोडतो. सोमवारी सकाळी 11 वाजता उद्योग केंद्राच्या गेटवर असेन, ज्याला यायचं त्याने यावं.