काठी द्या, सातबारा देऊं नका



गेल्या महिन्यांतली गोष्ट. शाळा सुटली होती. मी दुसऱ्या दिवसाचें टांचण लिहीत बसलों होतों, इतक्यांत एक शेतकरी दारांत येऊन उभा राहिला. त्याचा मुलगा माझ्या वर्गांत आहे, वय तेरा. ह्या मुलाचा मामा खडकीच्या दारुगोळा कारखान्यांत कामाला आहे. त्यानें दोन वर्षांमागें भाच्याला एक जुनी हॉकीची काठी आणून दिली. तेव्हांपासून हा पोरगा भात काढलेल्या खाचरांत, सडकेच्या कडेला, जिथें हातभर सपाट जागा सांपडेल तिथें चेंडू हाकीत असतो. पोरगा चांगला खेळतो, हें मीही म्हणतों.

बापानें पिशवींतून सातबाऱ्याचा उतारा काढून माझ्यापुढें ठेवला. म्हणाला, "गुरुजी, शहरात खेळाची एक खाजगी शाळा हाय. त्यांचा मानूस म्हनला, तीन वर्सं पोरगं आमच्याकडं ठेवा, मोठ्या टीमात गेलंच समजा. फी लई हाय. दीड एकर उरलंय, गिऱ्हाईक तयार हाय. देऊन टाकू का?"

त्या दिवशीं मीं उत्तर दिलें नाहीं. चार दिवस कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. तोच हिशेब आज येथें मांडतों; कारण पोराच्या गुणापायीं उतारा हातांत घेऊन फिरणारा बाप हा एकटाच नाहीं.

आधीं जमिनीचें. आम्हां मुळशीकरांना जमीन जाणें म्हणजे काय, हें पोथींतून शिकावें लागत नाहीं. सन १९२१ मध्यें टाटांच्या धरणापायीं मावळ्यांच्या जमिनी पाण्याखालीं जाऊं लागल्या, तेव्हां सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं इथें सत्याग्रह झाला. तरी जमीन गेलीच. पुढें मोसे नदीवर वरसगांवचें धरण झालें, आणखी जमीन गेली. मग त्याच पाण्याच्या कांठीं डोंगरावर लवासा नांवाचें नवें नगर उठलें. त्याच्या नकाशांत गोल्फचें मैदान होतें. आमच्या पोरांना चेंडू खेळायला जागा मात्र त्या नकाशांत कुणाला दिसली नाहीं. २०१८ सालीं त्या नगराच्या कंपनीचें दिवाळखोरीचें प्रकरण न्यायाधिकरणापुढें गेलें. ज्यांनीं जमीन विकली त्यांचे पैसे कधींच खर्चून गेले होते. सांगायचें एवढेंच कीं, रंगीत जाहिरातीवर भरंवसा ठेवून जमीन सोडण्याचा अनुभव ह्या खोऱ्यानें एकदां घेतला आहे.

आतां खेळाचा हिशेब. "मोठी टीम" म्हणजे काय? पगार घेऊन खेळणाऱ्यांची जी हॉकी लीग आहे, तिच्या २०२४-२५ च्या हंगामांत पुरुषांचे आठ संघ होते. एका संघांत चोवीस खेळाडू. त्यांत भारतीय सोळा, बाकीचे परदेशी. आठ सोळे एकशें अठ्ठावीस! सबंध हिंदुस्थानांत एकशें अठ्ठावीस जागा. पंजाब, ओडिशा, झारखंड ह्या प्रांतांत लेंकरूं चालूं लागलें कीं हातांत काठी येते. त्या सर्वांशीं आमच्या खोऱ्यांतल्या पोराची ह्या जागांसाठीं झुंज. शिवाय त्या आठांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता.

पैशाचें पाहूं. त्या लिलांवांत हरमनप्रीत सिंग ह्याला अठ्ठ्याहत्तर लाख मिळाले. तो आंकडा सर्वांनीं ऐकला. परंतु लिलांवाची सर्वांत खालची पायरी दोन लाखांची होती, ती कुणी ऐकली नाहीं. आणि हंगाम किती दिवसांचा? २८ डिसेंबर ते १ फेब्रुवारी. म्हणजे पांच आठवडे. बाकीच्या सत्तेचाळीस आठवड्यांची चूल कशावर पेटायची?

त्याहून मोठी गोष्ट पुढेंच आहे. ही लीग प्रथम २०१३ सालीं सुरू झाली. तींत मुंबईचा संघ होता. २०१७ नंतर ती बंद पडली, ती २०२४ च्या अखेरीपर्यंत भरलीच नाहीं. जो मुलगा २०१७ सालीं अठरा वर्षांचा होता, तो लीग पुन्हां उघडेपर्यंत पंचवीस वर्षांचा झाला. खेळाडूचीं उमेदीचीं सात वर्षें! त्या मुलाचा दोष काय? कांहीं नाहीं. पाऊस पडला नाहीं, यांत पेरणाऱ्याचा काय दोष? पण पाऊस हमखास पडेल असें समजून घरांतलें बीं विकून खाणारा शेतकरी मात्र दोषी खरा.

इतकें वाचून कोणी म्हणतील, "मास्तर, मग शेतकऱ्याच्या पोरानें खेळायचेंच नाहीं काय? खेळ तेवढा बंगलेवाल्यांचा?" छे! मीं तसें म्हटलेलें नाहीं. मोकळ्या हातांनीं वर चढलेलीं माणसें आपल्याच जिल्ह्यांत आहेत. धनराज पिल्ले हे खडकीचे. वडील मैदानाची निगा राखणारे, घर कारखान्याच्या वसाहतींत. भावांनीं मोडक्या काठ्या बांधून-चिकटवून खेळ शिकला. पुढें धनराज १९९२ पासून २००४ पर्यंत चार ऑलिंपिक खेळले. १९९८ सालीं बँकॉकच्या आशियाई स्पर्धेंत त्यांच्या नेतृत्वाखालीं भारताला सुवर्णपदक मिळालें. आणि त्या सुवर्णपदकानंतर काय झालें? त्यांच्यासह संघांतल्या अनेक जुन्या खेळाडूंना वगळण्यांत आलें. शिखरावर गेलेल्याचीही जागा पक्की नसते, ती अशी.

आतां धनराजांच्या गोष्टींतलें एक वर्म पाहा. पोरगा गुणी होता हें खरेंच. पण दाराबाहेर मैदान होतें, आणि थोरला भाऊ रमेश खेळाच्या जोरावर मुंबईच्या खतकारखान्याच्या संघांत पोंचला होता. त्यानें धाकट्याला हात दिला. पुढें धनराजही महिंद्राच्या संघांत गेले. म्हणजे ह्या भावांना आधार मिळाला तो मोठमोठ्या कंपन्यांच्या संघांचा. आजही हॉकीवर संसार चालवणारा माणूस शोधूं जाल तर तो बहुतेक रेल्वेंत, लष्करांत, पोलिसांत किंवा पेट्रोलच्या कंपनींत सांपडेल. लीग म्हणजे कंदुरीचें जेवण. रोजची भाकरी नोकरीची. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं शेंकडा पांच जागा राखून ठेवलेल्या आहेत. परंतु त्या जागेसाठीं शिक्षणाची अट आहे आणि प्रमाणपत्राची कसून पडताळणी होते. खेळापायीं शाळा सोडलेला पोरगा तेथें दारांतूनच परत येतो. म्हणून माझें पहिलें सांगणें हें कीं, काठी हातीं असूं द्या, पण दप्तर खालीं ठेवूं देऊं नका.

दुसरें सांगणें मैदानाविषयीं. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी गवतावरून उठून कृत्रिम हिरवळीवर गेली. तिच्यावर पाणी मारतात. चेंडू सापासारखा सळसळत जातो. खाचरांत शिकलेल्या पोराचा हात त्या वेगाला एकदम बसत नाहीं. तेरा-चौदाव्या वर्षीं पाय त्या हिरवळीवर पडले तर ठीक, अठराव्या वर्षीं पडून उपयोग थोडा. अशी हिरवळ आमच्या खोऱ्यांत नाहीं. ती बालेवाडीस आहे, पिंपरीच्या नेहरूनगरांत आहे. इथून साठेक किलोमीटर डोंगर उतरून जावें तेव्हां.

मग गरिबाला वाट आहे कीं नाहीं? आहे. आणि ती विकत घ्यावी लागत नाहीं. सरकारनें १९९६ सालापासून क्रीडा प्रबोधिनी चालविली आहे. आठ ते चौदा वर्षांच्या मुलामुलींची उंची, वजन, उभी उडी, तीस मीटरची धांव, आठशें मीटरची धांव अशा चांचण्या घेतात. निवड झाली तर राहणें, जेवण, शाळा आणि शिकवणारा, सर्व सरकारी खर्चानें. येथें कोणाचा वशिला नको, उतारा नको. धांवेला लागलेला वेळ घड्याळावर दिसतो. फलटण तालुक्यांतील आसूची वैष्णवी फाळके ही शेतकऱ्याची मुलगी ह्याच वाटेनें पुण्यास आली आणि २०२३ सालीं चीनमध्यें हांगझोऊ येथें आशियाई कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय संघांत खेळली. त्याच तालुक्यांतील वाखरीची अक्षता ढेकळे हीही प्रबोधिनींत शिकून २०२२ सालीं भारताकडून खेळली. एका दुष्काळी तालुक्यांतल्या दोन मुली! पाणी तिकडे आमच्याहून कमी पडतें. पोरींना घराबाहेर पाठविण्याची हिंमत मात्र आमच्याहून जास्त दिसते.

हें लिहितांना मला माझीच लाज वाटली. कारण त्या मुलाच्या वर्गांत एक मुलगी आहे; आठशें मीटरला ती त्याला मागें टाकते. तिच्या बापानें कधीं उतारा आणला नाहीं, मामानें काठी आणली नाहीं, आणि खरें सांगतों, मीही तिच्याकडे खेळाडू म्हणून पाहिलें नव्हतें. जानेवारी २०२५ मध्यें मुलींची पहिली लीग रांचीस भरली. संघ चार, म्हणजे भारतीय मुलींच्या जागा चौसष्ट. जागा मुलांच्या निम्म्या खऱ्या. पण त्या जागांसाठीं किती घरें आपल्या मुलींना धाडतात, हाही हिशेब करावा. सावित्रीबाईंनीं ह्याच पुण्यांत मुलींच्या हातांत पाटी दिली, तेव्हांही लोक हंसलेच होते.

तिसरें सांगणें गांवाला आहे. १९५२ सालीं कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले, तेव्हां लोकांनीं वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनीं आपलें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ओझें पुष्कळांच्या खांद्यांवर वांटलें गेलें, म्हणून तें उचललें गेलें. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूनें मिळवून दिलेलें तें पहिलेंच ऑलिंपिक पदक. तरी त्यांना पोलिसांत फौजदाराची नोकरी मिळायला १९५५ साल उजाडावें लागलें. हें ध्यानांत घ्या आणि मग सांगा, एका बापानें एकट्याच्या दीड एकरावर हें ओझें घ्यावें काय?

आमच्या जत्रेंत एका रात्रीच्या डीजेवर जो पैसा उडतो, त्यांत शाळेसाठीं डझनभर काठ्या सहज येतील. गायरानांतला एक तुकडा सपाट करायला गांवाचे हात आणि एक दिवस पुरे. चांचणीच्या दिवशीं दहा पोरें पुण्याला न्यायला एका जीपगाडीचें डिझेल लागतें. एवढें गांवानें करावें. दहांपैकीं एक निवडला गेला तर आनंद. नऊ परत आले तर तेही धट्टेकट्टे होऊन परत येतील, आणि त्यांच्या बापांचे उतारे पेटींत जागच्या जागीं असतील. प्रत्येक खोऱ्यांत एक हिरवळ द्या, ही मागणी सरकारकडे अवश्य करावी; पण ती येईपर्यंत हातावर हात ठेवून बसूं नये.

पांचव्या दिवशीं मीं त्या शेतकऱ्याला बोलावून हा सगळा हिशेब वाचून दाखविला. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गुरुजी, तुमचा हिसाब खरा. पन पोरानं मला मोठेपनी इचारलं, बा, तू माझ्यासाठी काय केलंस, तर?"

ह्या प्रश्नाला माझ्या कागदावर उत्तर नव्हतें. मीं एवढेंच म्हटलें, "दादा, चांचणीला तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर या. आणि निवड नाहीं झाली, तर परत येतांना त्याच्याशीं बोला, रागावूं नका. पोरगा तेवढें विसरणार नाहीं."

त्यानें उतारा घडी करून पिशवींत ठेवला. चांचणीला तो येणार आहे. त्या मुलीच्या बापाकडे मी उद्यां जाणार आहें. तो काय म्हणेल तें ठाऊक नाहीं. पण विचारायला दोन वर्षें उशीर झाला, हा दोष माझा आहे, आणि तो मीच फेडला पाहिजे.

आपला,
एक खेड्यांतला मास्तर