कार्बुरेटरला दोष देण्यापूर्वी



गेल्या महिन्यात दिमोना येथील एका स्नेह्यांच्या घरी जाण्याचा योग आला. अंगणात 1969 सालची ट्रायंफ टायगर उभी होती, 650 सी.सी.ची. बापलेकांनी दोन वर्षे खपून तिला नवा जन्म दिला होता. परंतु घरात आनंद नव्हता. इंजिन तापले की सिग्नलपाशी गाडी बंद पडे. आदल्याच आठवड्यात ती भर चौकात थांबली आणि मागच्या ट्रकने जेमतेम ब्रेक लावला. मातोश्रींनी निर्वाणीचे सांगितले होते : दोष जात नसेल तर गाडी विका.

चिरंजीवांनी कार्बुरेटरचा मुख्य जेट तीन वेळा बदलला होता. ते श्रम व्यर्थ होत. थ्रॉटल मिटलेला असता मुख्य जेटला काम नसते. मंद गतीचे पेट्रोल पायलट जेटच्या सूक्ष्म मार्गाने येते. शिवाय पॉइंट आणि टॅपेट तपासल्यावाचून कार्बुरेटरला हात लावू नये. पॉइंटचे अंतर 0.015 इंच, थंड इंजिनात टॅपेटचे अंतर इनलेटला 0.002 व एक्झॉस्टला 0.004 इंच. येथे हे सारे ठीक होते.

मग इंजिन चालू ठेवून कार्बुरेटरच्या सांध्यावर पातळ तेलाचे चार थेंब सोडले. कित्येक जण येथे पेट्रोल शिंपडतात. तापल्या इंजिनावर तो शुद्ध वेडेपणा आहे. आवाज तत्क्षणी बदलला. सांध्यातून हवा आत शिरत होती! कार्बुरेटर उतरवून फ्लँजवर स्टीलची पट्टी आडवी धरली, तो मधोमध उजेड दिसला. अमल कॉन्सेन्ट्रिकची ही जुनीच व्याधी. त्याचा धातू मऊ. नट जोराने आवळले की फ्लँजचे कान वाकतात. नट कोणी आवळले, असे विचारताच वडील आकाशाकडे पाहू लागले.

सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून फ्लँज घासला, नवी रबरी रिंग घातली आणि दोन्ही नट आळीपाळीने, बेताने आवळले. हवेचा स्क्रू काढून पाहता पायलट जेटच्या तोंडाशी सुकलेल्या पेट्रोलची राळ आढळली. तेथे तार खुपसू नये. 0.016 इंचाचा ड्रिल बोटांत धरून हलकेच फिरवावा.

शेवटी स्क्रू पूर्ण मिटवून दीड फेरा उघडला आणि तापल्या इंजिनावर थोडाथोडा फिरवून जेथे गती सर्वांत एकसारखी लागली, तेथे ठेवला. आत फिरवल्यास पेट्रोलचे प्रमाण वाढते, बाहेर घेतल्यास हवेचे. मग थ्रॉटलचा स्क्रू सैल करून गती उतरवली.

मातोश्री दारात उभ्या राहून ऐकत होत्या. चहा होऊन कप परत गेले तरी इंजिन थांबले नाही. मात्र नेगेवच्या धुळीने थ्रॉटलची स्लाइड झिजली आहे, ती आत खुळखुळते. त्यावर कोणताच स्क्रू उपाय नव्हे. एअर फिल्टर बसवल्याखेरीज बीर शेवाच्या रस्त्याला लागू नका, एवढे बजावून मी निरोप घेतला.