मिरचीच्या आतली बुरशी

१९७४ च्या अखेरीस गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानमधील बांसवाडा या लागून असलेल्या जिल्ह्यांतील आदिवासी गावांत काविळीने माणसे दगावू लागली. ताप, उलट्या, मग पोटात पाणी होणे. सुमारे चारशे जण आजारी पडले, शंभराहून अधिक मरण पावले. मात्र हा रोग एकाकडून दुसऱ्याला होत नव्हता. मका हेच ज्यांचे रोजचे अन्न, त्याच घरांत तो शिरला होता. त्या घरांतले उरलेसुरले खाणारी कुत्रीही त्याच रोगाने मेली.

अवकाळी पावसात भिजलेली कणसे तशीच साठवली गेली होती आणि त्यांवर 'अस्परजिलस फ्लेवस' ही हिरवट बुरशी वाढली होती. तिच्या विषाचे नाव अफ्लाटॉक्सिन. त्या मक्यात ते किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम आढळले. धान्यासाठी भारतात आज ठरलेली मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे तो मका मर्यादेच्या चारशे ते हजारपट विषारी होता.

एवढी मात्रा क्वचितच पोटात जाते. चिंता आहे ती थोड्या थोड्या विषाची, जे वर्षानुवर्षे खाल्ले जाते आणि यकृताच्या कर्करोगाला कारण ठरते. 'ब' प्रकारची कावीळ असलेल्यांना हा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

मका, शेंगदाणे, सुके खोबरे यांच्या जोडीला भाजीच्या शेतातले एक पीकही या बुरशीला फार आवडते, ते म्हणजे मिरची. पिकून लाल झालेली मिरची जाड सालीची, आतून ओलसर असते. ती जमिनीवर पसरून वाळत घातली, रात्री दव पडले किंवा मधेच पावसाची सर आली, की वरची साल चकचकीत दिसते आणि आत बियांभोवती राखाडी-हिरवी बुरशी धरते. वर्षाचे तिखट करताना मिरच्या देठ काढून, मोडून पाहण्याची आजी-पणजींची सवय निव्वळ हौस नव्हती! कांडून आणलेल्या तिखटात काहीच ओळखू येत नाही. मसाल्यांसाठी कायद्याची मर्यादा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम आहे; ती प्रयोगशाळेतच मोजता येते, डोळ्यांना किंवा जिभेला नव्हे.

शिजवल्याने बुरशी मरते, विष मात्र बहुतांशी तसेच राहते. उकळणे, भाजणे, फोडणी देणे यांवर विसंबू नये. काळपट, सुरकुतलेले किंवा कडवट लागणारे शेंगदाणे निवडून फेकावेत, कुटात ढकलू नयेत. ते गुरांनाही घालू नयेत, कारण बुरशीच्या पेंडीतले विष रूप बदलून गाईच्या दुधात उतरते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा संशय याच शेंगदाण्याच्या पेंडीवर गेला आणि हे विष प्रथम जगापुढे आले.

टोमॅटोसारख्या मऊ भाजीवर बुरशीचा ठिपका दिसला, तर तेवढाच भाग कापून उरलेला वापरणे चुकीचे. तंतू आत दूरवर गेलेले असतात. गाजर, कोबी अशा घट्ट भाज्यांचा खराब भाग बोटभर आतून कापून टाकला तर चालते. मिरच्या मात्र जमिनीऐवजी ताडपत्रीवर किंवा उंच जाळीवर, मोडताना 'कट्' आवाज येईपर्यंत वाळवाव्यात आणि पूर्ण थंड झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात. गरम मिरच्या भरल्या, की झाकणाला आतून वाफ धरते.